उ: सवागी सोनं खाते का?

वरती दादांनी लिहिलंय की सवागी (सोनं वितळवताना सोनार टाकतात तो टाकणखार, बोरॅक्स) सोनं खाते, म्हणून वितळवताना वजन घटतं. नाही की ओ. शहापुरात मामांच्या सोनारकामाच्या भट्टीशेजारी बसून लहानपण गेलं, म्हणून लिहितो.

सवागी वितळली की ती काचच होते. काचरस धातूला धातू म्हणून जवळजवळ विरघळवत नाही. आधी ऑक्सिजन लागतो. चांदीचंच बघा: तिचा अणू एक इलेक्ट्रॉन सोडतो, आयन (विद्युतभार असलेला अणू) होतो आणि काचेतल्या ऑक्सिजनांमध्ये जाऊन बसतो. गंमत म्हणजे हवेतला ऑक्सिजन 16 पट केला, तर विरघळणारी चांदी फक्त दुप्पट होते, कारण एका अणूमागे ऑक्सिजनचा पाव रेणूच खर्च होतो. उलट, कोळशाची पूड टाकली की तीच चांदी परत धातू होऊन बाहेर पडते.

सोनं मात्र इलेक्ट्रॉन सोडायला भलतंच चिकट. काचेत जातं ते दहा लाखांत काही भाग, एवढंच. मग घट कुठली? मामा थंड मुशीतली हिरवट काच खलात कुटायचे. हिरवा रंग सोन्यात मिसळलेल्या तांब्याचा, तांबं मात्र खुशाल विरघळतं. पूड पाण्यात निथळली की तळाला मोहरीहून बारीक पिवळे मणी दिसायचे. ते विरघळलेले नव्हते, नुसते अडकलेले. झारेकरी (धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारा) आमच्या दारातली धूळ उगाच विकत न्यायचा का?

लाल काचेतलं सोनं हा वेगळा मामला. तिथे ते क्लोराइड करून घालतात, आणि काच पुन्हा तापवल्यावर त्याचे अतिसूक्ष्म कण बनतात, तेव्हा कुठे रंग चढतो.