अभ्यासिकेच्या फळ्यावर रोज कोणाचा स्मृतिदिन लिहू? भारताबाहेरची नावं सुचवा

मानेवाडा_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याकडे आमची छोटी अभ्यासिका आहे, एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँकिंग, सगळ्या प्रकारचे पोट्टे-पोट्टी बसतात. दाराजवळ चपलांच्या रॅकच्या वर एक फळा आहे, त्यावर सकाळी कुलूप उघडलं की मी त्या तारखेला जगातलं कोण वारलं ते दोन ओळीत लिहितो. सुरुवातीला बरं चाललं, लिंकन १५ एप्रिल, आईनस्टाईन १८ एप्रिल, मार्टिन ल्यूथर किंग ४ एप्रिल वगैरे. पण आता कोणी ढुंकूनही बघत नाही, कारण माझं लिखाण त्यांच्या चालू घडामोडीच्या पुस्तकातल्या "निधन" वाल्या पानासारखंच होऊन राहिलं. नाव, देश, पुरस्कार, वारले, संपला विषय. परवा एक पोरगी म्हणे, दादा हे तर पाठच आहे, यांच्यामुळे आपलं काय झालं ते लिहा ना.

तर असे लोक सांगा की ज्यांचं नाव वाचून बॅग खांद्यावर असतानाच माणूस दोन मिनिटं थांबेल. भारताबाहेरचे पाहिजेत, आपल्याकडचे मी जुळवले आहेत. अट एकच, सुविचार नको. मोठ्या लोकांच्या नावाने व्हॉट्सॲपवर जे फिरतं त्यातलं अर्धं त्यांनी म्हटलेलंच नसतं.

सिस्टर_मेडिकल_चौक

७ ऑगस्ट लिहून घ्या दादा. व्हर्जिनिया अपगार, अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञ, १९७४ ला गेल्या. मी लेबर रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, हे नाव प्रत्येक डिलिव्हरीला तोंडात येतं. बाळ जन्मलं की एका मिनिटाने आणि परत पाचव्या मिनिटाला पाच गोष्टी बघायच्या, हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा रंग, हातापायात किती जोर आहे, आणि नाकात नळी घातली तर तोंड वाकडं करतं की गप्प पडून राहतं. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन मार्क, एकूण दहापैकी. ही पद्धत बाईंनी १९५२ मध्ये काढली. त्याच्या आधी बाळ बाहेर आलं की सगळ्यांचं लक्ष आईकडे, आणि निळं पडलेलं मलूल बाळ असेल तर त्याला ठराविक पद्धतीने तपासायची सोयच नव्हती. आता मार्क कमी पडले की लगेच धावपळ सुरू होते, ऑक्सिजन, सक्शन, बालरोगवाल्यांना फोन. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, घड्याळ आणि डोळे लागतात.

तुमच्या पोरांना सांगा की दवाखान्यात जन्मले असाल तर तुमची पहिली परीक्षा ही होती, आणि तिथेही पैकीच्या पैकी फार कोणाला पडत नाहीत, कारण सुरुवातीला हातपाय जरा निळेच असतात, तिथे एक मार्क कापला जातो.

तुमची अट मोडून एक आपल्याकडचे पण सांगतेच, १६ ऑक्टोबर २०२२, डॉ. दिलीप महालनबिस. १९७१ ला बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तर या माणसाने मीठ-साखरेचं पाणी ड्रममध्ये कालवून नातेवाइकांच्याच हाताने पेशंटला पाजायला लावलं. पद्मविभूषण मिळालं ते गेल्यावर, २०२३ मध्ये. तुमच्या यादीत असतील तर सोडून द्या.

जुनं_व्हीसीएच_बरं

भाऊ ४ मार्च २०२२. त्या दिवशी आधी रॉड मार्श गेल्याची बातमी आली. ऑस्ट्रेलियाचा जुना कीपर, रिटायर झाला तेव्हा टेस्टमध्ये ३५५ बळी त्याच्या नावावर होते, विश्वविक्रम होता तो, आणि स्कोअरबोर्डवर "कॉट मार्श बोल्ड लिली", म्हणजे लिलीची बॉलिंग अन मार्शचा कॅच, एकदोनदा नाही ९५ वेळा लागलेलं. शेन वॉर्नने त्याच्यासाठी श्रद्धांजलीचं ट्वीट टाकलं आणि काही तासांनी थायलंडमध्ये वॉर्नच गेला, ५२ वय फक्त. मग काय, मार्श बिचारा पार दबला, दुसऱ्या दिवशी जिकडे पाहाल तिकडे वॉर्न. मी म्हणतो फळ्यावर त्या दिवशी मार्शचं नाव वर लिहा, वॉर्नचं खाली.

आणि वॉर्न आपल्या नागपुरात खेळून गेला आहे राजेहो. ऑक्टोबर २००४, सिव्हिल लाइन्सचं जुनं व्हीसीए मैदान, ती हिरवीगार पिच आठवते का कोणाले? ऑस्ट्रेलिया ३४२ रनांनी जिंकली आणि ३५ वर्षांनी भारतात सिरीज मारली. मजा अशी की आपण सगळे वॉर्नला बघायला गेलो अन विकेटा काढल्या त्यांच्याच फास्ट बॉलर गिलेस्पीने, दोन्ही डाव मिळून ९.

एक सल्ला, बातमी आली की लगेच खडू घेऊन धावू नका. २३ ऑगस्ट २०२३ ला झिम्बाब्वेचा हीथ स्ट्रीक गेला म्हणून जगभर होऊन गेलं, त्याच्यासोबत खेळलेल्यांनी पण लिहून टाकलं, आणि दुपारपर्यंत कळलं की माणूस जिवंत आहे, स्वतःच सांगून राहिला की मी आहे म्हणून. खरंच गेला तो ३ सप्टेंबरला, कॅन्सरने, ४९ वर्षांचा. तो पण आपल्याकडे कॅप्टन म्हणून येऊन गेलेला, २००० सालची टेस्ट, सचिनचे नाबाद २०१ आणि अँडी फ्लॉवरचे नाबाद २३२, पाच दिवस नुसती बॅटिंग.

बर्डीवाला

काऊन भाऊ, आपले कमी पडले का? इथं ज्यानं मोहल्ल्यात नळ आणला त्याचं नाव पोट्ट्यायले माहीत नाही अन तुम्ही अमेरिकेची भूलवाली बाई शिकवून राहिले. विदेशी लोकायचं विदेशी पाहून घेतील.

वर्धा_लाइन

@बर्डीवाला मग असा विदेशी चालेल का जो आपल्या मातीतच पुरला आहे? हिंगणघाटला. विल्यम लॅम्बटन.

थोडं लांबेल पण सांगतो. या माणसाने १८०२ मध्ये मद्रासजवळ हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. मोजायला म्हणजे अक्षरशः, साखळी जमिनीवर ताणून आधी एक सरळ पाया मोजायचा, मग त्याच्या दोन टोकांवरून लांबच्या टेकडीचा कोन घ्यायचा, त्रिकोण पूर्ण करायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण, असं करत करत दक्षिणेकडून वर. कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं, ते डोंगरावर चढवायचं, डोंगर नसेल तिथे देवळाच्या गोपुरावर. १८०८ ला तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला, यंत्र आपटलं, त्याचं मोठं चक्र वाकलं. दुसरा कोणी असता तर विलायतेला पत्र लिहून वाट बघत बसला असता. हा माणूस तंबूत बसून आठवडे घालवून ते स्वतः ठोकून ठोकून सरळ करून परत कामाला लागला.

वीस वर्षं हेच. मग हैदराबादहून मुक्काम हलवून नागपूरला यायला निघाला, सत्तरीच्या आसपास वय, छातीचा आजार, आणि हिंगणघाटला पोचून तिथेच जानेवारी १८२३ मध्ये वारला. नागपूर काही त्याला दिसलं नाही. त्याच्या जागी आला त्याचा असिस्टंट जॉर्ज एव्हरेस्ट, आणि पुढे १८६५ मध्ये जगातल्या सगळ्यात उंच शिखराला नाव कोणाचं लागलं ते पोरांना पाठ आहेच. ज्याने पाया घातला त्याची कबर आपल्यापासून दीड-दोन तासांवर आहे आणि चंद्रपूर-बल्लारशाला जाणारे आपण सगळे हिंगणघाटवरून चहा पिऊन पुढे जातो.

दुसरा त्याहून जवळचा, स्टीफन हिस्लॉप. हो, हिस्लॉप कॉलेजवाला. स्कॉटलंडचा मिशनरी, १८४५ ला नागपुरात आला, शाळा काढली, आणि फावल्या वेळात आपल्या भागातले दगड आणि जीवाश्म गोळा करत फिरायचा, त्याचे लेख लंडनच्या भूगर्भवाल्यांपर्यंत गेले. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटकडची पुरातन शिळावर्तुळं बघून घोड्यावरून परत येत होता, नाल्याला पूर आलेला, त्यात वाहून गेला. कॉलेज निघालं ते नंतर, १८८३ मध्ये. आपण ऑटोवाल्याला "हिस्लॉप" म्हणतो आणि तो बरोबर नेऊन सोडतो, एवढीच आपली ओळख.

नकाशावेडी

लॅम्बटन लिहा पण एकट्याचं नका लिहू. नकाशा काही पोरांच्या भूगोलासाठी काढत नव्हते, मुलूख ताब्यात ठेवायचा होता. आणि ते अर्ध्या टनाचं धूड डोंगरावर चढवलं कोणी? खलाशी, हमाल, झेंडेवाले, आपलीच माणसं, जंगलात तापाने कितीतरी मेली, नावं कुठेच नाहीत. शिखराची उंची सगळ्यात जास्त भरते हे गणित मांडणारे राधानाथ सिकदर बंगालचे, आणि ज्या एव्हरेस्टचं नाव लागलं तो तर तोपर्यंत रिटायर होऊन इंग्लंडला परत गेलेला होता. त्यामुळे जानेवारीतल्या त्या दोन ओळींपैकी एक ओळ हमालांना द्या अशी माझी मागणी आहे.

बर्डीवाला

@नकाशावेडी हे पटलं आपल्याले. @वर्धा_लाइन हिंगणघाटचा किस्सा भारी आहे, मले माहीतच नव्हता. पण आपल्या नळवाल्याचं काय ते राहिलंच.

रात्रपाळी_बुटीबोरी

१९ मे २०१७, स्तानिस्लाव पेत्रोव. मी कंट्रोल रूममध्ये नाईट करतो म्हणून हा माणूस मला घरचाच वाटतो. २६ सप्टेंबर १९८३, मॉस्कोच्या बाहेर जमिनीखालचा एक बंकर, मध्यरात्र होऊन गेलेली, रशियाच्या लष्कराचा हा अधिकारी ड्युटीवर. स्क्रीनवर आलं की अमेरिकेतून मिसाईल सुटलं, मग अजून एक, असे करत पाच. सायरन बोंबलून राहिला. नियम असा की वर कळवायचं, आणि वर कळवलं असतं तर वरचे लोक त्या काळात काय मूडमध्ये होते ते तुम्ही वाचून घ्या, तीनच आठवडे आधी त्यांनी कोरियाचं प्रवासी विमान पाडलं होतं. याने विचार केला की हल्ला करायचाच तर कोणी पाचच मिसाईल कशाला पाठवेल, शिवाय सिस्टीम नवीन आहे, आणि जमिनीवरच्या रडारला काहीच दिसत नाहीये. त्याने वर कळवलं की अलार्म खोटा आहे. नंतर निघालं की ढगांच्या वरच्या थरावरून सूर्यप्रकाश परावर्तित झाला आणि उपग्रह फसला.

ज्याने कधी अलार्म पॅनलसमोर रात्र काढली आहे त्याला माहीत आहे की "खोटा आहे" म्हणायला किती दम लागतो, कारण खरा म्हणून कळवलं तर तुम्हाला कोणी विचारत नाही, पण खोटा म्हटलं आणि खरा निघाला तर नोकरी गेलीच. त्याला तर शाबासकीच्या जागी रजिस्टर नीट का भरलं नाही म्हणून झापलं. हे वाचून मी एकटाच हसलो, आमच्याकडेही पहिला प्रश्न लॉगबुकचाच असतो.

आणि तुमच्या फळ्यासाठी मुद्द्याची गोष्ट, तो मे महिन्यात गेला आणि जगाला कळलं सप्टेंबरमध्ये. जर्मनीतल्या एका ओळखीच्याने वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन लावला तर मुलाने सांगितलं की बाबा मे मध्येच वारले.

इंदोरा_१४_ऑक्टोबर

५ डिसेंबर सोडू नका, नेल्सन मंडेला, २०१३. आपल्याकडे ६ डिसेंबरला दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीला जायची तयारी चालू असते त्यामुळे आदल्या दिवशीचे मंडेला नागपुरात दरवर्षी राहून जातात. दोन्ही दिवस एकदमच फळ्यावर ठेवा, मंडेला पुसायचे नाहीत, खाली बाबासाहेब लिहायचे. भारतरत्न दोघांनाही १९९० मध्येच मिळालं हे तुमच्या एमपीएससीवाल्यांच्या कामाचं आहे, विचारतात.

अजून एक, २५ सप्टेंबर २०११, वांगारी मथाई. केनियाच्या, १९७७ पासून गावोगावच्या बायकांकडून झाडं लावून घेतली, सरकारने मारलं, जेलमध्ये टाकलं, मग २००४ ला शांततेचं नोबेल. जायच्या आधी सांगून ठेवलं होतं की माझ्या शवपेटीसाठी झाड कापायचं नाही, मग ती बांबू, पपायरस आणि जलपर्णीची केली. जलपर्णी म्हणजे तीच जी आपण अंबाझरी तलावातून दरवर्षी काढून राहिलो.

मानेवाडा_अभ्यासिका

अरे काय खजिना आहे हा, सगळ्यांना धन्यवाद. ठरवलं आहे की फळ्यावर मृत्यूची तारीख कोपऱ्यात बारीक लिहायची आणि मोठ्या अक्षरात फक्त काम. लॅम्बटनचा नक्की दिवस धरत नाही, जानेवारीत एक आठवडा ठेवतो आणि @नकाशावेडी म्हणतात तशी हमालांची ओळ वेगळी लिहितो. @बर्डीवाला, नळवाल्या काकांचं नाव, साल आणि काम मला पाठवा, रविवारी जागा रिकामीच असते. सिस्टरबाई, ७ ऑगस्टला तुम्हीच येऊन पाच मिनिटं बोलाल का? चहा आमचा.

सिस्टर_मेडिकल_चौक

सकाळची ड्युटी नसेल तर येते. तोवर ११ एप्रिल २००५ पण लिहून ठेवा, मॉरिस हिलमन. ४० च्या वर लसी या माणसाच्या हातच्या. १९६३ ला रात्री त्याच्या छोट्या मुलीचा गाल सुजला, गालगुंड, तर तिला झोपवून हा लॅबमध्ये गेला, सामान घेऊन आला, तिच्या घशातून नमुना घेतला आणि त्याच विषाणूपासून लस तयार केली. तो स्ट्रेन आजही तिच्या नावाने वापरतात, जेरिल लिन. फक्त ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती असते, त्यामुळे पूर्ण फळा तिकडे जाईल, याला खालचा कोपरा द्या.