समुद्रतळाच्या गाळातले जंतू १० कोटी वर्षं जिवंत होते, पटतं का?

तापीकाठ:
काल साक्रीकडे मामांच्या वावरात बोअर चालू होती, मुरूम संपला, काळा पाषाण लागला, मधेच गेरूसारखा लाल थर आला न मशीनवाला म्हणे आता खाली नुसता दगड, जीव नाही कशात. मला तेव्हापासून दक्षिण पॅसिफिकचा गाळ आठवतोय. २०१० मधे समुद्रतळाला भोक पाडून काढलेला, सगळ्यात जुना थर १०.१५ कोटी वर्षांचा, म्हणजे आपला पाषाण ज्या लाव्हाचा झाला (६.६ कोटी वर्षं धरा) त्याच्याही आधीचा. जपानच्या मोरोनो यांच्या टीमने त्यातल्या जंतूंना खाऊ घातलं तर ते वाढले, ६८ दिवसांत काही नमुन्यांत १०,००० पट! २०२० ला छापून आलंय. माझ्या मते ते एवढा काळ जिवंतच होते.

यावलची_केळी:
नाही पटत. वय गाळाचं आहे, जंतूचं नाही. प्रयोगशाळेत उठले म्हणजे उठू शकतात एवढंच कळलं. सरकी डब्यात असते, पेरली की उगवते, मग डब्यात कपाशी होती म्हणायचं का?

तापीकाठ:
भाऊ सरकी चार-पाच वर्षांत मरते ना, तेच तर सांगतोय! डीएनए आपोआप तुटत जातो, कोणी सांधलाच नाही तर कोटी वर्षांनी उठायला उरेल काय? आणि ते बहुतेक बीजाणू (जाड कवचात निजून राहायचं रूप) धरून बसणारे नव्हतेच. त्या गाळात पार खालपर्यंत ऑक्सिजन आहे, म्हणजे श्वास चालू, अगदी पोटापुरता.

सातपुडा_पायथा:
वरून नंतर झिरपले नसतील कशावरून?

तापीकाठ:
चिकणमाती इतकी बारीक की जंतूला सरकायला फटच नाही.

धुळेकर:
खायला कमी असलं तरी खाली सोय असते. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खाली एक जंतू सापडलाय, दगडातल्या युरेनियमच्या किरणांनी पाणी फुटून हायड्रोजन होतो त्यावर जगतो. आपल्या पाषाणात तर लोह भरपूर.

यावलची_केळी:
पाषाणाचं जरा जपून बोला. अमेरिकेत कोलंबिया नदीच्या बेसाल्टमधे (म्हणजे आपल्यासारखाच लाव्हाचा काळा पाषाण) लोह-पाण्यापासून हायड्रोजन होतो न जंतू त्यावर जगतात असं १९९५ ला मांडलं, १९९८ ला दुसऱ्यांनी दाखवलं की तिथल्या पाण्यात तसा हायड्रोजन सतत तयार होत राहत नाही. सांधण्याचा मुद्दा मात्र मानतो, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ते एकेकटे १० कोटी वर्षं टिकले का हळूहळू पिढ्या बदलत गेल्या, हे तुम्ही अजून सांगितलं नाही.

तापीकाठ:
नाही सांगता येत. पिढ्या बदलल्या असतील तरी जिवंतच म्हणेन मी.