मदत हवी आहे: लाकडी ट्रॉलरवर हेडिंग सेन्सर (नौकेचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारं यंत्र) कोणता घ्यावा, कुठे बसवावा?

नमस्कार मंडळी,

हर्णैला आमचा लाकडी ट्रॉलर आहे, साधारण ५० फुटी. १ जूनपासून मासेमारीची पावसाळी बंदी लागली की नौका वर ओढायची आहे, तेवढ्यात हे काम उरकायचंय.

जाळं ओढताना वेग दोन-अडीच नॉटच असतो. प्लॉटर (नकाशा दाखवणारा पडदा) तेव्हा जीपीएसवरून दिशा धरतो, म्हणजे नौका सरकतेय कुठे ते कळतं, नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, कुठे आहे ते नाही. पाण्याची ओढ आडवी असली की दोन्हींत मोठी तफावत पडते. रात्री रडारचं चित्र नकाशावर चढवलं तर समोरचं मालवाहू जहाज एका जागी आणि त्याची एआयएसची (जहाज स्वतः रेडिओवरून आपली जागा कळवतं ती) खूण भलतीकडेच. आठ खलाशी माझ्या भरवशावर असतात, हे असं चालणार नाही.

फ्लक्सगेट (पृथ्वीच्या चुंबकत्वावर चालणारं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र) स्वस्त, सॅटेलाइट कंपास त्याच्या कितीतरी पट महाग. पण फ्लक्सगेट ठेवू कुठे? नाळेत नांगर आणि साखळी, मागे इंजिन आणि विंच, मध्ये बर्फाचा ओला खण. शिवाय ट्रॉलचे (ओढायच्या जाळ्याचं तोंड उघडं ठेवणारे) लोखंड मारलेले बोर्ड कधी नौकेवर, कधी पाण्यात. बोर्ड वर असताना गोल फिरून कॅलिब्रेशन (सेन्सरची चूक दुरुस्त करणं) केलं, तर ते पाण्यात गेल्यावर टिकेल का?

रडारला एनएमईए ०१८३ चंच (नौकेवरची यंत्रं एकमेकांना जोडायची जुनी पद्धत) पोर्ट आहे. अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

प्रतिसाद:

दादा, नाही टिकणार. सेन्सर स्वतःला दुरुस्त करतो तो नौकेवर कायम असलेल्या लोखंडापुरता; हलणाऱ्या लोखंडाचा हिशोब त्याला लागत नाही. तुमची मांडणी बघता मी सॅटेलाइट कंपासच घेईन. तो उपग्रहांच्या लहरी वेगवेगळ्या अँटेनांवर किती फरकाने पोचतात त्यावरून दिशा काढतो, लोखंडाशी संबंधच नाही. फ्युरुनोचा एससीएक्स-२१ एनएमईए ०१८३ वर चालतो (एससीएक्स-२० घेऊ नका, तो एनएमईए २००० या वेगळ्या जोडणीचा). केबिनच्या छपरावर बसवा, पण रडारच्या झोतात नको आणि डोलकाठीने आभाळ झाकलं जाईल तिथेही नको. रडारचं पोर्ट ३८४०० बॉडला (माहिती पाठवायचा वेग) लावता येतं का ते आधी बघा, ४८०० वर हेडिंग पुरेसं भराभर पोचेलच असं नाही.

फ्लक्सगेटच घ्यायचा ठरला तर ठरवलेल्या जागी हातातलं होकायंत्र धरा आणि एकेक करून वायपर, दिवे, व्हीएचएफ रेडिओ चालू करायला सांगा. काटा हलला की ती जागा बाद.

कोणताही घ्या, बसवल्यावर लांबून नाळ हर्णैच्या दीपगृहावर धरा, नकाशावरची दिशा ताडून बघा आणि जेवढा फरक येईल तेवढा सेटिंगमध्ये भरा.