"मोबाइल बघत बसलीये": ऑनलाइन शिकलेल्या बायकांनो, तुमचे अनुभव लिहा

२०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आम्ही वरळीच्या बीडीडी चाळीत राहत होतो. १६० चौरस फुटांची खोली, माणसं पाच. भावाचं लेक्चर सुरू झालं की टीव्ही बंद व्हायचा. माझं सुरू झालं की मी ओट्यापाशी बसून एकाच कानात इअरफोन घालायचे, कारण दुसरा कान कुकरच्या शिट्ट्या मोजायला मोकळा लागायचा. एकदा सरांनी प्रोग्रॅमिंगमधल्या रिकर्जनवर (फंक्शन स्वतःलाच पुन्हा बोलावतं, त्यावर) प्रश्न विचारला. उत्तर येत होतं. माइक चालू केला आणि तेवढ्यात आई ओरडली, "अगं, मोबाइल काय बघत बसलीयेस, दूध उतू चाललंय!" सगळ्या वर्गाने ऐकलं. त्या सेमिस्टरला मी पुन्हा माइक चालू केला नाही. आईवर राग नाही माझा. मुलगी घरात आहे म्हणजे ती हाताशी आहे, असंच तीही ऐकत मोठी झाली. तुमच्याकडे काय घडलं?

धारावीहून:
फोन एकच, बाबांचा. संध्याकाळी बाबा घरी आले की फोन आधी भावाला. मला फाइल अपलोड करता येईना, तर बाई म्हणाल्या, मुलींना टेक्निकल जमत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. हातच लागला नाही ते जमणार कुठून?

डोंबिवलीहून:
वय ४१, डेटा ॲनालिटिक्सचा कोर्स. ग्रुप प्रोजेक्टला मुलं कोड लिहायची आणि मला म्हणायची, "ताई, तुम्ही पीपीटी करा ना, तुमचं नीटनेटकं असतं." दोनदा केली. तिसऱ्यांदा म्हटलं, क्वेरी, म्हणजे डेटा काढायचा कोड, मी लिहिणार. त्यांच्या जॉइनमध्ये, म्हणजे दोन तक्ते जोडताना, एकेक ग्राहक दोनदोनदा येत होता. स्क्रीन शेअर करून सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. त्यावर पहिला प्रश्न आला, "कोणाकडून शिकून आलात?" तो प्रश्न अजून टोचतो.

मुलुंडहून, शिकवणारी:
मुली उत्तर चॅटमध्ये फक्त मला पाठवायच्या, "मॅडम, बरोबर आहे का?" बहुतेक वेळा बरोबरच असायचं. मुलं चुकीचं उत्तरही सगळ्यांना पाठवायची. अमेरिकेत १९९९ साली स्पेन्सर, स्टील आणि क्विन यांचं संशोधन आलं. गणिताच्या अवघड परीक्षेआधी सांगितलं, की हिच्यात स्त्री-पुरुषांच्या गुणांत फरक पडतो, तर बायकांचे गुण घसरले. फरक पडत नाही असं सांगितलं, तर त्या मागे पडल्या नाहीत. हे वाचल्यापासून "मुलींना हे जड जाईल" हे वाक्य मी तोंडातून काढलेलं नाही. आता प्रश्न विचारला की एक मिनिट कोणीच बोलायचं नाही, सगळ्यांनी लिहायचं आणि एकदम पाठवायचं. मुली पाठवतात.

गोरेगावहून:
कॅमेरा चालू ठेवा म्हटलं की मी आधी गाऊनवर ओढणी शोधायचे. शेजारच्या चौकोनात एक जण बनियनवर बसलेला असायचा. पाच-दहा मिनिटं तिथेच जायची.

विरारहून:
माझं थोडं वेगळं. दादरचा संध्याकाळचा क्लास मला कधीच मिळाला नसता. रात्री दहाच्या लोकलने एकटी येणार, हे ऐकूनच सासरी नाही म्हणाले होते. ऑनलाइन झाला म्हणून अकाउंटिंग शिकले. पण पहिले दोन महिने दर बेलला मीच उठायचे. मग नववीतल्या मुलाने दारावर कागद चिकटवला: "आईचा क्लास, ८ ते ९.३०. बेल वाजवू नये." कागद अजून आहे. वेळ तेवढी खोडून नवीन लिहिलीये.