चार ग्रामपंचायती मोडून एक नगरपंचायत: लहान गावांना काय उरतं?

वाडीकर
"शेजारच्या चार ग्रामपंचायती एकत्र करून नगरपंचायत करा, निधीचा पूर येईल," अशी पोस्ट फिरतेय. पूर कुणाच्या दारात येतो ते मात्र कुणी लिहीत नाही. हिशेब मांडा. मोठं गाव ९००० वस्तीचं, बाकीची तीन प्रत्येकी २०००ची. एकूण १५,०००, प्रभाग १७, म्हणजे प्रभागाला साधारण ८८० माणसं. मोठ्या गावाला १० जागा, लहान गावाला दोन, फार तर तीन. आज त्याच लहान गावात ९ सदस्य आणि सरपंच आहे. वर्षाच्या चार ग्रामसभाही गेल्या. शहरातली प्रभाग समिती घटनेने बंधनकारक आहे ती ३ लाख लोकसंख्येपासून पुढे, म्हणजे इथे तीही नाही. मग गटार तुंबलं तर माणसाने बोलायचं कुठे?

हद्दवाढ
बोलायला जागा हवीच, पण २००० वस्तीच्या ग्रामपंचायतीकडे आज माणूसबळ किती? ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) बऱ्याचदा दोन गावं, पाणी सोडायला एक कर्मचारी. मोटार जळली की टाकी कोरडी. नगरपंचायतीला मुख्याधिकारी मिळतो. घरकुलाचं बघा: ग्रामीण योजनेत सपाट भागात मूळ अनुदान १ लाख २० हजार, शहरी योजनेत केंद्र-राज्य मिळून अडीच लाख. हे गरिबाच्या हिताचं नाही?

नमुना आठ
अडीच लाख मिळण्याआधी जागेची मालकी दाखवावी लागते. गावठाणातल्या बऱ्याच घरांकडे नमुना ८चा उतारा सोडून कागदच नसतो, आणि तो कराचा उतारा आहे, मालकीचा नाही. आजोबांच्या नावावर एक नोंद आणि आत चार चुली, असे अर्ज तिथेच अडकतात. म्हणून नगरपंचायतीच्या अधिसूचनेआधी स्वामित्व योजनेची ड्रोन मोजणी उरकून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) हातात घ्या. ती योजना ग्रामीण गावठाणांसाठीच आहे. ड्रोन यायच्या आधी प्रत्येक मिळकतीची हद्द चुन्याने आखावी लागते. अरुंद बोळात दोन घरांचे पत्रे एकमेकांवर आले असतील तर वरून छप्पर दिसतं, भिंत दिसत नाही. तिथे जागेवर जाऊन टेपने पडताळलं नाही, तर बोळ शेजाऱ्याच्या नकाशात जातो.

वाडीकर
विषय लहान गावांच्या आवाजाचा होता. तुम्ही तो पत्र्यांवर नेऊन ठेवलात!

नमुना आठ
कारण मोजणीनंतरच्या मालकीच्या चौकशीला एक भाऊ पुण्यात आणि दुसरा शेतात असला की चुकीचं नाव चढतं. पुढे दुरुस्तीला भूमी अभिलेखचे खेटे घालायचे. आवाज कुणाचा गेला मग?

हद्दवाढ
बरं बाबा, मालकीचा मुद्दा माझ्याकडून सुटला होता. तरी पैसे जास्त आहेत, हे तुम्हीही नाकारू नका.

शेवटचा नळ
पैशाचं बोलताय, पाण्याचं कुणीच बोलत नाही. जलजीवनची योजना माणशी रोज ५५ लिटरवर आखलेली, शहरी निकष १३५. २००० माणसांना १ लाख १० हजार लिटरऐवजी २ लाख ७० हजार लागणार. पाटी बदलली म्हणून पाइपाचा व्यास वाढत नाही. टेकावरच्या वस्तीला आधीच दाब कमी; त्याच लाइनवर नवी जोडणी दिली की तिथे नळाला नुसती हवा येते. आणि पाणीपट्टी सगळ्यांना सारखी!

वाडीकर
हेच सांगतोय मी! नगरपंचायतीसाठी ठराव देताना टेकावर वेगळी टाकी लेखी मागा. तोंडी आश्वासनावर सही करू नका.

हद्दवाढ
टाकी मागा, माझी ना नाही. पण नगरपंचायतच नको, हे मला अजून पटलेलं नाही.