बाहेरून आलेला संसर्गजन्य रुग्ण ओळखण्यासाठी लहान नर्सिंग होमने काय तयारी ठेवावी?

पार्लेकर_प्रशासक (प्रश्न)

नमस्कार. विलेपार्ले पूर्वेला आमचे वीस खाटांचे नर्सिंग होम असून त्याची व्यवस्था माझ्याकडे आहे. विमानतळ जवळ असल्यामुळे आखातातून सुटीवर आलेले कामगार, हवाई कंपन्यांचे कर्मचारी आणि आसपासच्या हॉटेलांत उतरलेले पाहुणे आमच्या ओपीडीत नेहमी येतात. जागतिक आरोग्य संघटनेने १४ ऑगस्ट २०२४ रोजी एमपॉक्सची आणीबाणी दुसऱ्यांदा जाहीर केली, तेव्हा आम्ही दर्शनी भागात फलक लावला आणि मास्कची खोकी आणून ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये आणीबाणी उठली आणि फलकही उतरला. संशयित प्रवासी विमानतळावरच ओळखला जातो व परस्पर महापालिकेच्या रुग्णालयात जातो, तेव्हा आपण वेगळा खर्च करण्याचे कारण नाही, असे आमच्या संचालक डॉक्टरांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. पुढचा विषाणू कोणता असेल हे माहीत नसताना नेमकी कोणती तयारी उपयोगी पडते, हे जाणकारांनी सांगावे.

साथरोग_निवृत्त

आपल्या संचालकांचा विमानतळावर जो भरवसा आहे, तो तेथे काम करणाऱ्यांचाही नसतो. तापमापक यंत्र फक्त त्या क्षणी ताप असलेल्याला अडवते. पॅरासिटामॉल घेऊन उतरलेला प्रवासी त्यातून सहज निघून जातो, आणि लागण होऊनही लक्षणे न दिसणारा तर पूर्ण निर्दोषपणे बाहेर पडतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा हा अधिशयन काळ एमपॉक्स व इबोला यांच्या बाबतीत २१ दिवसांपर्यंत आणि निपाहच्या बाबतीत साधारण ४ ते १४ दिवस असतो. विमानाचा प्रवास मात्र काही तासांत संपतो. म्हणजे असा रुग्ण घरी पोहोचून, नातेवाइकांना भेटून, मग अंगात कणकण आली म्हणून जवळच्या दवाखान्यात, म्हणजे आपल्याकडे, येणार.

दक्षिण कोरियात २०१५ मध्ये हेच झाले. आखाती देशांतून परतलेल्या एका प्रवाशाला आठवड्याभराने ताप आला, तो एकामागून एक अनेक दवाखान्यांत गेला, आणि मर्स या श्वसनरोगाचे निदान होईपर्यंत विषाणू रुग्णालयांत शिरलेला होता. एकूण १८६ जणांना लागण झाली आणि ३८ जण दगावले. त्याआधीच्या वर्षी अमेरिकेत डॅलस येथील उदाहरण मला अधिक बोलके वाटते. तेथे रुग्णाने आपण आफ्रिकेतून आल्याचे सांगितले होते, त्याची नोंदही झाली होती, तरीही त्याला औषधे देऊन घरी पाठवण्यात आले. तो इबोलाचा रुग्ण होता, आणि पुढे त्याची शुश्रूषा करणाऱ्या दोन परिचारिकांना लागण झाली. माहिती विचारली जाते, पण कागदावरून निर्णय घेणाऱ्यापर्यंत ती पोहोचत नाही, हे आपल्याकडेही रोज घडते.

म्हणून पहिला खर्च छपाईचा करा. केसपेपरवर नाव-वयाच्या लगेच खाली एक चौकट छापा: "गेल्या २१ दिवसांत मुंबईबाहेर कोठे गेला होतात का? घरी बाहेरगावाहून कोणी आले आहे का?" उत्तर होकारार्थी असेल आणि ताप किंवा पुरळ असेल, तर कागदावर लाल शिक्का मारून रुग्णाला मास्क द्यावा व त्याला प्रतीक्षा कक्षात न बसवता वेगळ्या खोलीत न्यावे. प्रश्नात 'परदेश' हा शब्द मी मुद्दाम वापरलेला नाही. निपाहचा उद्रेक २०१८ मध्ये केरळात कोझिकोडला झाला होता, आणि तेथून नेत्रावती एक्स्प्रेसने कुर्ल्याला उतरणाऱ्याला कोणतीही आरोग्य तपासणी आडवी येत नाही.

पावसाळ्यात विशेष जपावे. जुलै-ऑगस्टमध्ये डेंगी, मलेरिया आणि लेप्टोचे रुग्ण इतके असतात की प्रत्येक ताप त्यांतलाच वाटू लागतो.

कुर्ला_जनरल_प्रॅक्टिस

सरांशी सहमत आहे, पण एक अडचण मांडतो. माझ्याकडे येणारा आखातातला कामगार प्रवासाबद्दल खरे सांगतोच असे नाही. आपल्याला अडकवून ठेवतील, परतीचे तिकीट आणि नोकरी दोन्ही जाईल, ही त्याची भीती असते आणि ती निराधार म्हणता येत नाही. चार लोकांसमोर काउंटरवर मोठ्याने विचारले, तर उत्तर 'नाही' असेच येणार. तोच प्रश्न सिस्टरने रक्तदाब घेताना हळू आवाजात विचारला, तर उत्तर बदललेले मी पाहिले आहे.

शिवाय केवळ प्रवासावर विसंबू नये. कोझिकोडच्या उद्रेकात पहिल्या रुग्णाचे निदान झालेच नाही. त्याच कुटुंबातला दुसरा तरुण मेंदूज्वराच्या लक्षणांनी आला, तेव्हा डॉक्टरांना शंका आली. एका घरातले दोघे, किंवा रुग्णापाठोपाठ त्याची सिस्टर, अशी जोडी दिसली की प्रवास नसला तरी सावध व्हावे.

सूक्ष्मजीव_प्रयोगशाळा

नमुन्यांबाबत थोडे लिहिते. संशय आल्यावर नेहमीप्रमाणे रक्ताच्या चार बाटल्या भरून खासगी लॅबच्या मुलाच्या हाती देऊ नयेत. आधी आपल्या महापालिका विभागाच्या एमओएचना, म्हणजे विभागाच्या आरोग्य अधिकाऱ्यांना, फोन करावा. कोणता नमुना घ्यायचा, कोणी घ्यायचा आणि तो कोठे जाणार, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे. एमपॉक्सला पुरळावरचा स्वॅब व खपली लागते, निपाहला घशाचा स्वॅब, लघवी व रक्त लागते, त्यामुळे अंदाजाने घेतलेला नमुना अनेकदा वाया जातो. नमुना तिहेरी आवरणात आणि थंड साखळीतच गेला पाहिजे. निपाहसारख्या विषाणूंसाठी पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेची सर्वोच्च सुरक्षा पातळीची प्रयोगशाळा आहे, म्हणजे अंतर फार नाही. वेळ जातो तो येथल्या घोळात.

रुग्णाला कोठे हलवायचे हेही गृहीत धरू नका. एमपॉक्ससाठी २०२२ मध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात खाटा राखल्या होत्या, तर २०२४ मध्ये मरोळच्या सेव्हन हिल्समध्ये.

पार्लेकर_प्रशासक

सर्वांचे आभार. चौकटीचा मजकूर आजच छापखान्यात देते. वेगळ्या खोलीसाठी आमच्याकडे तळमजल्यावरची एकच खोली आहे. स्वतंत्र शौचालय आहे, मात्र सध्या तेथे जुन्या फायली आणि सलाइनचे स्टँड ठेवले आहेत. ती चालेल का?

साथरोग_निवृत्त

चालेल. फायली हलवा, सामायिक वातानुकूलन असेल तर ते त्या खोलीपुरते बंद करा, आणि खिडकी उघडते की रंगाने चिकटून बसली आहे ते पाहा. बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला तर त्याचे तोंड जिन्याकडे किंवा शेजारच्या गॅलरीकडे नसावे.

संरक्षक पोशाखाचे संच मोजकेच घ्या, पण ते काढण्याचा सराव दर महिन्याला घ्या, कारण लागण बहुधा घालताना नव्हे तर काढताना होते. आधी हातमोजे, मग हात स्वच्छ, मग गाऊन, आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीच्या बाहेर आल्यावर. या सरावातून मावशी आणि वॉर्डबॉय यांना वगळू नका. चादर तेच उचलतात. एमओएचचा क्रमांक मात्र संचालकांच्या मोबाइलमध्ये न ठेवता रात्रपाळीच्या आरएमओच्या (निवासी डॉक्टरच्या) टेबलावर काचेखाली ठेवा.