मदत हवी आहे: लॅपटॉप नीट सुरू होत नाही, आतली रेकॉर्डिंग्ज वाचवायची आहेत

नमस्कार मंडळी,

लॅपटॉप गेला तर जाऊ दे, मला आतल्या फायली हव्या आहेत. हे आधीच सांगते, कारण परवा फोंड्यातल्या एका दुकानात नेला तर तिथल्या मुलाने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारतो, संध्याकाळी घेऊन जा." मी तो तसाच उचलून घरी आणला.

आत माझ्या आत्याच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज आहेत. जात्यावरच्या ओव्या, धालोची (पौषात बायका फेर धरून खेळतात त्या नाचाची) गाणी, चवथीच्या फुगड्या. तीन वर्षं सवड मिळेल तशी मी तिच्यासमोर फोन ठेवून बसायचे, रात्री फायली लॅपटॉपवर घ्यायचे आणि फोनमधली जागा रिकामी करायचे. दुसरी प्रत कुठेच नाही. गेल्या मार्चमध्ये आत्या गेली. पौषात मांडावर धालो उभे राहिले की पहिलं गाणं तीच धरायची, आणि त्यातली काही गाणी आता आमच्या वाड्यावर कुणालाच पूर्ण येत नाहीत.

लॅपटॉप २०१७ साली घेतलेला. सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबीची जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज १०. बॅटरी दोन वर्षांपासून गेलेली आहे, चार्जर लावला तरच चालतो.

घर सावईवेऱ्याला, कुळागरात. पाऊस जोराचा लागला की पोफळीची एखादी झावळी तारेवर पडते आणि लाईट जाते, येते, परत जाते. रविवारी रात्री मी फायलींना नावं देत बसले होते, तेव्हा असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा लाईट आली ती राहिली, पण लॅपटॉप काही नीट उठला नाही.

आता असं होतं: बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो, खाली ठिपके गोल फिरतात आणि "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" असं दिसतं. पाच-दहा मिनिटांनी निळा पडदा येतो, पीसी नीट सुरू झाला नाही असं सांगणारा. रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. मधूनच, विशेषतः सकाळी पहिल्यांदा लावला की, यातलं काहीच होत नाही. दिवा आणि पंखा चालू, पडदा काळाच.

निळ्या पडद्यावरचं "स्टार्टअप रिपेअर" दोनदा करून पाहिलं, फरक नाही. तिथे "रीसेट धिस पीसी" आहे, त्यात फायली ठेवण्याचा पर्यायही दिसतो, पण तो दाबायला हात होत नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात तांदळाच्या डब्यात ठेव. काय करू आणि काय अजिबात करू नको, तेवढं कृपया सांगा.

---

प्रतिसाद:

ताई, दुकानातून परत आणलात ते फार बरं केलंत. मी मडगावला अठरा वर्षं हेच काम करतो.

"रीसेट" दाबू नका. फायली ठेवण्याचा पर्याय फायली ठेवतो हे खरं, पण त्यासाठी विंडोज त्याच डिस्कवर कित्येक जीबी नव्याने लिहितं. डिस्क दुखावलेली असेल तर ते लिहिणंच तिला भारी पडतं. "चेकडिस्क" चालवा असा सल्ला कुणी दिला तर तेही आत्ता नको. तो फायलींची व्यवस्था दुरुस्त करतो, आणि त्या दुरुस्तीत अर्धवट तुटलेली फाइल कापूनही टाकतो. आधी फायली बाहेर, मग बाकी सगळं.

लॅपटॉप सुरू करताना तळहात टेकतो त्या भागाला कान लावा. एकसारखी घरघर येत असेल तर ठीक. टक्... टक्... टक्... असा ठरावीक अंतराने आवाज आला तर तत्क्षणी बंद करा आणि पुन्हा लावूच नका. डिस्क चालू राहील तितका तिच्या तबकडीवर ओरखडा पडत जाण्याचा धोका असतो. मग ते काम फक्त डेटा रिकव्हरीवाल्यांचं.

तुमच्याकडे दोन वेगळे बिघाड एकत्र आलेत असं मला वाटतं. सकाळी पडदा काळा राहतो तो रॅमचा प्रकार असावा. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर जशी बुरशी धरते, तसाच रॅमच्या सोनेरी पट्टीवर बारीक थर बसतो आणि संपर्क तुटतो. अशी केस जून-जुलैत माझ्याकडे रोज येते. चार्जर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. खालचं झाकण उघडा, बॅटरीची वायर सुटी करा, स्वतः एखाद्या लोखंडी वस्तूला हात लावा म्हणजे अंगातली स्टॅटिक जाईल. रॅमच्या दोन्ही कडेच्या क्लिपा बाहेर ओढल्या की ती तिरपी वर उचलली जाते. सोनेरी पट्टी शाळेतल्या मऊ खोडरबराने हलक्या हाताने पुसा, रबराचा चुरा झटका, आणि तिरपीच आत सरकवून क्लिपा लागेपर्यंत खाली दाबा. तांदूळ नको. त्याने ओल जात नाही, उलट पीठ आत शिरतं. हेअर ड्रायरही नको.

निळा पडदा येतो तो मात्र डिस्ककडून. बॅटरी नाही म्हणजे लाईट गेली की लिहिता लिहिता डिस्कचा श्वासच तुटतो. तीनदा तसं झालं. कदाचित फक्त विंडोजच्या फायली बिघडल्या असतील, कदाचित डिस्कवरचे सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे बारीक कप्पे, गेले असतील. बाहेरून ते कळत नाही, म्हणून वाईट तेच धरून चाला.

फायली काढायचा सोपा मार्ग: निळ्या पडद्यावर "ट्रबलशूट", मग "अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स", मग "कमांड प्रॉम्प्ट". काळ्या खिडकीत नोटपॅड एवढंच इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. नोटपॅड उघडलं की "फाइल", "ओपन", आणि खाली "ऑल फाइल्स" निवडा, नाहीतर फक्त मजकुराच्या फायली दिसतील. तुमचा सी ड्राइव्ह तिथे डी किंवा दुसऱ्याच अक्षराखाली सापडेल, घाबरू नका. फोल्डरवर राइट क्लिक, "सेंड टू", पेन ड्राइव्ह. किती झालं ते दाखवणारी पट्टी येत नाही, पडदा गोठल्यासारखा वाटतो. काहीही न दाबता थांबायचं.

---

प्रतिसाद:

वरच्या दादांच्या सांगण्यात एक भर. कमांड प्रॉम्प्ट उघडताना ४८ अंकी रिकव्हरी की मागितली तर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे. की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, फोनवरून लॉगिन करून बघता येते. ती हाती येईपर्यंत रॅमशिवाय काहीच हलवू नका.

---

धागाकर्ती:

दादा, कान लावून बसले. टकटक नाही, घरघर आहे.

रॅम काढली. पट्टीवर खरंच पुसट तपकिरी डाग होते, शेजारच्या मुलाच्या खोडरबराने गेले. काल आणि आज सकाळी पडदा एकदाही काळा राहिला नाही. ४८ अंकी की मागितली नाही.

नोटपॅडमधून फोल्डर दिसलं तेव्हा किती वेळ मी नुसती नावंच वाचत होते. "आत्या_ओवी_पहाट", "आत्या_फुगडी_३". एकूण २१२ फायली. पहिल्या साठेक भराभर आल्या. मग एका फाइलवर पाऊण तास अडकलं आणि डिस्क खर्र करायला लागली, म्हणून बंद केलं. पुढे काय करू?

---

प्रतिसाद:

थांबलात ते योग्य. सेक्टर गेलेले आहेत. आता त्या लॅपटॉपमधून काढू नका. डिस्क अडीच इंची, साटा जोडणीची आहे, चार स्क्रू काढले की बाहेर येते. बाजारात तिच्यासाठी यूएसबी एन्क्लोजर (डिस्क आत बसवून वायरने दुसऱ्या लॅपटॉपला जोडायची डबी) मिळतं, काही शे रुपयांत. ज्याची बॅटरी धडधाकट आहे अशा दुसऱ्या लॅपटॉपला लावा. विंडोजने "डिस्क दुरुस्त करू का" विचारलं तर नाही म्हणा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत साधन डिस्कची प्रकृती दाखवतं. तिथे पिवळं "कॉशन" असेल आणि "करंट पेंडिंग सेक्टर"समोर शून्य सोडून काहीही असेल तर माझा अंदाज बरोबर.

ज्या फायली सहज येतात त्या आधी घ्या. अडलेल्या बाजूला ठेवा, त्यांच्यामागे हट्टाने लागू नका. त्या शेवटी पेन ड्राइव्हवरून लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली) चालवून डीडीरेस्क्यू या साधनाने काढायच्या. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं आणि खराब जागेकडे मग पुन्हा पुन्हा येतं, कुठवर झालं याची नोंदही ठेवतं, त्यामुळे मध्ये थांबवून परत सुरू करता येतं. तुमच्या फायली फोनच्या एम-फोर-ए असतील. त्यांची अनुक्रमणिका बहुतेक वेळा फाइलच्या शेवटी असते. मधला तुकडा गेला तर गाण्यात एक खंड पडेल. शेवट गेला तर फाइल उघडायलाच त्रास देते, पण तेव्हाही आवाज आत असतो, पुसून टाकू नका.

डिस्क परत वापरू नका. लॅपटॉप ठेवायचा असेल तर त्यात एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क, घाला. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तुमचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बहुधा बसत नाही, तेव्हा लिनक्स मिंट टाकलंत तर मराठी टंकलेखन आणि गाणी ऐकणं दोन्ही व्यवस्थित होईल. आणि नवी बॅटरी घ्या. लाईट जाणं आपल्या हातात नाही.

---

धागाकर्ती:

मावसभावाचा लॅपटॉप आणला, पणजीहून एन्क्लोजर आणलं. "कॉशन"च दाखवलं. २०९ फायली आल्या. एक प्रत म्हापशाला बहिणीकडे आजच कदंबाच्या बसने जाणाऱ्या भाचीच्या हाती दिली, एक माझ्याकडे पेन ड्राइव्हवर, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून.

तीन अडल्या होत्या. डीडीरेस्क्यूने त्यातल्या दोन बाहेर काढल्या. एक फुगडीची, पूर्ण. दुसरी धालोची. अकरा मिनिटांच्या त्या फाइलमध्ये सहाव्या मिनिटाला दोन सेकंद आवाज जातो. परत येतो तेव्हा कौलांवर पावसाचा आवाज आहे आणि आत्या गाणं थांबवून मला विचारते आहे, "जालें मगे गो?" (झालं ना गं?) मग ती पुढचं कडवं धरते. मधली ओळ माझ्या आईला आठवली, तिने ती वहीत लिहून दिली.

तिसरी फाइल कालपासून चालू आहे. ९१ टक्के दाखवतंय. बाहेर गडगडतंय, पण हा लॅपटॉप बॅटरीवर चार तास काढतो. झालं की इथे लिहिते.